तिरक्या रेघेची शिस्त

मुरगूडच्या शिवारातील एखाद्या तुकड्याचा सातबारा पाहिला, तर जिल्हा कोल्हापूर, तालुका कागल, मग गाव आणि शेवटी गट क्रमांक व हिस्सा असा क्रम दिसतो. समजा, क्रमांक 112/2 असेल, तर तिरक्या रेघेच्या डावीकडे मूळ गट आणि उजवीकडे त्याचा पोटहिस्सा. वेदगंगेकाठच्या शेतकऱ्याला ही रेघ कोणी समजावून सांगावी लागत नाही. त्याच्याच मुलाला संगणक शिकविताना मात्र ती क्लिष्ट म्हणून टाळली जाते, हे नवलच होय.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली उभारण्यास आरंभ केला. तिच्यात सर्व फाइलींना एकच मूळ असते आणि ते नुसत्या तिरक्या रेघेने दर्शवितात. त्या मुळातून निर्देशिका फुटतात, निर्देशिकांतून पोटनिर्देशिका. ‘होम’मध्ये वापरणाऱ्यांची कागदपत्रे, ‘व्हार’मध्ये वाढत जाणाऱ्या नोंदी, ‘टेम्प’मध्ये तात्पुरता ऐवज. दुसरी तबकडी जोडली तरी तिचा वेगळा संसार थाटला जात नाही. ती याच झाडाच्या एखाद्या फांदीवर येऊन बसते. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली सुरू केलेल्या लिनक्सने हीच मांडणी स्वीकारली. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या पोटात लिनक्सचाच गाभा असल्यामुळे हे झाड आज मुरगूडच्या बाजारातील बहुतेक खिशांत आहे. ते फक्त दिसू दिले जात नाही.

या रचनेतील खरी मौज पुढेच आहे. निर्देशिका म्हणजे पेटी नव्हे, ती वही होय. तिच्यात एका बाजूस नाव आणि दुसऱ्या बाजूस एक क्रमांक, एवढेच लिहिलेले असते. फाइलीचा मालक कोण, आकार किती, मजकूर तबकडीवर कोठे आहे, ही सारी माहिती त्या क्रमांकाच्या नोंदीत असते. तिला ‘आयनोड’ म्हणतात. नाव त्या नोंदीत नसतेच. त्यामुळे एकाच फाइलीला दोन ठिकाणी दोन नावे असू शकतात आणि दोन्ही सारखीच खरी असतात. फाइल पुसण्याची आज्ञा दिली म्हणजे वहीतले एक नाव कमी होते. शेवटचे नाव गेले आणि कोणी ती फाइल उघडून बसलेले नसले, तरच तिची जागा मोकळी होते. ‘नाव कमी करणे’ हा शब्दप्रयोग तलाठ्याच्या दप्तराशी संबंध आलेल्या कोणाला ठाऊक नाही? हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीचे नाव उताऱ्यावरून जाते, जमीन जागच्या जागी राहते.

अधिकारांचेही तसेच. प्रत्येक फाइलीवर मालक, गट आणि इतर अशा तिघांचे वाचण्याचे, लिहिण्याचे व चालविण्याचे हक्क नोंदलेले असतात. सातबाऱ्यावरही भोगवटादार असतो आणि ‘इतर हक्क’ असतात. साम्य येथेच थांबवावे हे बरे. पण एक नियम अवश्य ध्यानात घ्यावा. सामान्यतः फाइलीचे नाव काढून टाकण्याचा हक्क फाइलीवर नव्हे, तर ती जिच्यात नोंदली आहे त्या निर्देशिकेवर अवलंबून असतो. ज्याला कागद वाचण्याची मुभा नाही, त्यालाही वही हाती असल्यास त्याचे नाव खोडता येते. फेरफाराच्या नोंदीवरून ज्यांनी वर्षानुवर्षे हेलपाटे घातले, त्यांना याचे वजन वेगळे सांगावयास नको.

आज विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, दाखला उतरवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी तो कोठे गेला हे त्याला सांगता येत नाही. मग तोच दाखला पुन्हा काढावयाचा, पुन्हा पैसे मोजावयाचे. कार्यालयांत याहून महाग प्रकार घडतो. लिपिकाची बदली होते आणि त्याने ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘अंतिम’ अशा नावांनी पडद्यावर टाकलेल्या पत्रांचा अर्थ त्याच्याबरोबर निघून जातो. जुन्या अभिलेख कक्षात धूळ होती, वाळवीही होती. पण गठ्ठ्याचा क्रमांक कारकुनाचा नसून कचेरीचा होता. शोधण्यात जाणारा वेळ कोणत्याही जमाखर्चात दाखविला जात नाही, म्हणून तो फुकट आहे असे समजले जाते.

खर्चाची सबब येथे टिकत नाही. लिनक्स विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरही चालते. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची तिची भारतीय आवृत्तीही तयार केली आहे. अडचण तासिकांची आहे. सादरीकरणाची चित्रे रंगविण्यात जाणाऱ्या तासांपैकी दोन-तीन जरी या झाडाला दिले, आणि सुरुवात गावच्या सातबाऱ्यापासून केली, तरी भागण्याजोगे आहे.