डहाणू-तलासरीचे फोटो, आणि पाठीमागे लिहायची नावे

पट्टा पडला, शेवटच्या टोळीचा ट्रक गावाकडे रवाना झाला, की आपल्यातल्या फोटोच्या नादी मंडळींचे हात शिवशिवू लागतात. हे मंडळ म्हणजे काही नोंदलेली संस्था नव्हे. त्याला घटना नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर मुळीच नाही (सहकारात ही गोष्ट दुर्मिळच म्हणायची). महिन्यातून एकदा गट ऑफिसच्या मागच्या खोलीत पांढरी चादर ताणून बांधायची आणि ज्याने जे टिपले असेल ते सर्वांना दाखवायचे, एवढाच कार्यक्रम. पूर्वी स्लाईडचा प्रोजेक्टर होता. आता नातवाच्या मोबाइलवरूनही चित्र चादरीवर पडते. चहा मात्र तोच.

यंदा आम्ही आठ जण एका जीपमध्ये बसून डहाणू-तलासरीकडे गेलो. नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असे करीत चारोटीला उतरलो. आमचा हा दुसरा फेरा. पहिला दोन वर्षांपूर्वी झाला होता आणि त्या फेऱ्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. पण आधी मुलखाविषयी थोडे.

हा मुलूख आपल्या काळ्या रानापेक्षा अगदी वेगळा. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याआधी हे सारे ठाणे जिल्ह्यात होते. एका बाजूला समुद्र, मध्ये चिकूच्या वाड्या, आणि पूर्वेकडे डोंगर व वारल्यांचे पाडे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीत लांब बांबूला जाळी लावून चिकू उतरवतात. फळ जमिनीवर पडले की दर पडला, हे आमच्यातल्या बागाईतदारांना सांगावे लागले नाही. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतके दूर जाते की समुद्र रुसून गेला की काय असे वाटते. तिथे आमचे एक सभासद पहाटे तासभर ओल्या वाळूत पोटावर पडून राहिले. तेव्हा कुठे चिखल्या पक्ष्यांची जोडी त्यांच्या पुढ्यात आली. उभ्याने चालत जाणाऱ्या बाकीच्यांना पक्ष्यांच्या नुसत्या पाठी मिळाल्या. जवळच्या बारड डोंगरावरची बहरोटची लेणीही पाहिली. संजाण पडल्यानंतर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी तिथे बारा वर्षे सांभाळला असे सांगतात. आत अंधार असल्याने तिथले फोटो सगळ्यांचेच बिघडले.

गंजाड हे गाव डहाणू तालुक्यातले. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे इथले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. वारल्यांकडे लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. कुडाची भिंत, वर शेणामातीचा नाहीतर गेरूचा हात, त्यावर पांढरे चित्र. लग्न उरकले, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली की चित्र संपले. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांच्यासारखी माणसे कागद घेऊन या पाड्यांवर गेली आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरून जगभर फिरले. मशे यांनी तर पुरुष असून रोज चित्रे काढायला सुरुवात केली. ही कला तोवर लग्नघरातल्या बायांचीच होती.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट इथे सांगून टाकतो. अंधाऱ्या घरातल्या गेरूच्या भिंतीवर कॅमेरा फसतो. भिंत गडद म्हणून तो उजेड जास्त घेतो आणि पांढरी रेघ पसरून जाते. उजेड जरा कमी करून घ्यावा. फ्लॅश मारू नये, भिंत चकाकते आणि घरातले तान्हे पोर दचकून उठते. दोन्ही आम्ही करून पाहिले आहे.

आता चुकीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्याजवळ आमच्यापैकी एकाने उतारावरून येणाऱ्या एका बाईचा फोटो घेतला. डोक्यावर लाकडाची भलीमोठी मोळी, मागे उन्हाने पांढरा पडलेला डोंगर, पायाखाली लांब सावली. फोटो खरोखरच उत्तम होता. चादरीवर दाखवला तेव्हा सगळे ‘वा’ म्हणाले. आम्ही तो मोठा करून घेतला आणि त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मंडपाच्या दाराशी लावला. खाली जाड अक्षरात लिहिले, ‘गरिबी’. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. काहींनी हळहळही व्यक्त केली.

यंदा आमच्याबरोबर मागच्या फेऱ्यातल्या फोटोंचा आल्बम होता. त्याच पाड्यावर शाळेच्या मास्तरांनी तो चाळला आणि म्हणाले, अरे, ह्या तर आमच्या वरच्या घरच्या. बाईंना बोलावणे गेले. त्या आल्या, ओल्या हातांनी आल्बम धरला, बराच वेळ पाहत राहिल्या. मग खालच्या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी वारली बोलीत मास्तरांना काही विचारले. मास्तर आमच्याकडे पाहू लागले. त्यांना वाचून दाखवणे भाग पडले.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या हसल्या, आणि मास्तरांनी आम्हाला मराठीत सांगितले ते असे: ते लाकूड लग्नाचे होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचे लग्न होते, घरात चौक लिहायला सवाशिणी बसल्या होत्या आणि सगळ्या पाड्याचे जेवण रांधायला सरपण हवे होते. त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदाचा तो दिवस. आम्ही त्यावर ‘गरिबी’ लिहून मोकळे झालो होतो. पाड्यावर गरिबी नाही असे नव्हे. पण त्या मोळीत ती नव्हती, आणि आम्ही विचारलेही नव्हते.

खालची पट्टी कात्रीने कापून फोटो त्यांना दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला. पाठ कोरी. माझे नाव कुठे आहे, असे त्यांनी विचारले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये फारसे कोणी बोलले नाही. कासा ओलांडल्यावर आमच्यातले एक निवृत्त शिक्षक सांगू लागले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. पुढे १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड छापले. त्यात माणसांपेक्षा जमातींचीच नावे जास्त. जनावरांचे नमुने मांडावेत तशी माणसे मांडलेली. आपणही तेच करून आलो, गुरुजी म्हणाले.

तलासरीच्याच मातीतली आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. १९४५ साली झरी गावी वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. शामराव व गोदावरी परुळेकर त्यात पुढे होते. लगेचचा दुसरा संप गवत कापणीच्या दरासाठी होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगड व इतर चौघे गेले. टनाला तोडणीचा दर किती, यावर दर हंगामाआधी आपल्याकडे काय घासाघीस चालते हे आपण जाणतोच. कापणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर गवत काय आणि ऊस काय.

हा विचार डोक्यात असतानाच आम्ही कारखान्यावर पोचलो आणि ऑफिसात गेल्यावर पहिली नजर गेली ती मागच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर. उसाच्या फडात कोयता उगारलेला गडी, शेजारी मोळी बांधणारी बाई. फोटो आमच्याच मंडळाचा. खाली छापले आहे, ‘ऊसतोडणी कामगार’. आम्ही शेती खात्यात विचारले, स्लिपबॉयला विचारले, दोन मुकादमांना फोन लावले. त्या जोडप्याचे नाव कोणालाच सांगता आले नाही. सहा महिने ती माणसे आपल्या फडात राबली.

तेव्हा मंडळाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. माणसाचा फोटो घ्यायचा तर आधी विचारायचे, आणि नाव-गाव पाठीमागे लिहायचे. एक प्रत त्या माणसाकडे पोचवायची. पक्ष्याच्या घरट्याचा फोटो घेतला तर जागा कोणाला सांगायची नाही. आणि यंदा तोडीच्या वेळी बिबट्याची पिल्ले सापडली तर त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढायचा नाही, हे आम्ही सगळ्याच सभासदांना हात जोडून सांगतो. जुन्नर भागात वनखात्याने आणि माणिकडोहच्या केंद्राने अनेकदा दाखवून दिले आहे की पिल्ले होती तिथेच संध्याकाळी ठेवली, माणसे दूर झाली, तर आई रात्री येऊन त्यांना उचलून नेते. त्या वेळी फोटो काढायचे काम झाडाला बांधलेला कॅमेरा आपोआप करतो. आपण घरी जाऊन झोपावे.

डहाणू-तलासरीचे फोटो येत्या सर्वसाधारण सभेच्या दिवशी मंडपात लावणार आहोत. मोळीचा फोटोही असेल. या वेळी खाली ‘लेकीच्या लग्नाचे सरपण’ असे लिहिले आहे. बाईंचे नाव मात्र छापणार नाही. मास्तरांमार्फत विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, नाव माझ्या घरच्या फोटोवर लिहा, तुमच्याकडे कशाला. त्यांच्याकडे नाव घातलेली नवी प्रत पाठवली आहे.

ज्या सभासदांना आपले फोटो लावायचे असतील त्यांनी सभेच्या आठ दिवस आधी गट ऑफिसात आणून द्यावेत. पाठीमागे ठिकाण, महिना आणि माणूस असल्यास त्याचे नाव असावे. अहवालाच्या मुखपृष्ठावरचे जोडपे कोणाच्या फडात तोडीला होते हे ज्यांना ओळखता येईल त्यांनी कृपया कळवावे. बाईच्या कडेला पिवळ्या टोपीतले लहान पोर आहे. फोटोच्या दोन प्रती तयार करून ठेवल्या आहेत.