राहिलेल्या लसीची ‘कजा’

रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात सकाळ उशिरा उजाडते. पहाटे सहरी, मग फजरची नमाज आणि त्यानंतर तासा-दोन तासांची झोप. नऊ वाजता गल्लीत येणाऱ्या आशाताईंना त्यामुळे बहुतेक दारे बंदच मिळतात. आमच्याकडच्या आशाताईंनी यावर आपला तोडगा काढला आहे. या महिन्यात त्या असरच्या नमाजनंतर येतात. घराघरांत भजी तळली जात असतात, फळे चिरली जात असतात आणि बायका स्वयंपाकघरात हमखास सापडतात.

परवा त्या शेजारच्या खालांच्या दारात उभ्या होत्या. हातात वही, वहीत लस राहिलेल्या मुलांची नावे. खालांच्या नातवाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस चुकला होता. खाला म्हणाल्या, “आता वेळ निघून गेली ना ताई? आता देऊन काय उपयोग?”

आशाताई हसल्या. “खाला, रोजा सुटला तर तुम्ही काय करता?”

“कजा करते.”

“मग ही लसपण कजाच समजा. उद्या घेऊन या त्याला.”

वाचकांपैकी अनेकांना ‘कजा’ हा शब्द नवा असेल. आजारपणामुळे, प्रवासामुळे किंवा बाळंतपणामुळे रमजानचा रोजा सुटला, तर तो वर्षभरात सवडीने भरून काढायचा असतो. त्याला कजा रोजा म्हणतात. सुटला म्हणजे संपला, असे नाही. सवलत आहे, पण हिशेबही आहे. लसीकरणाचा नियमही असाच आहे. एखादा डोस चुकला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला असेल तेथून पुढे जायचे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान मिळतो. पण राहून गेला तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत घेता येतो.

तो रमजान आठवतो?

2020 चा रमजान आपण कोणीच विसरणार नाही. एप्रिलच्या अखेरीस रोजे सुरू झाले तेव्हा देशभर टाळेबंदी होती. मशिदी बंद होत्या. तरावीहची नमाज घराघरांत झाली आणि ईदची गळाभेट राहून गेली. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तेथे असणाऱ्याने बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण तेव्हा अनेक उलेमांनी पुन्हा पुन्हा सांगितली. मालेगावसारख्या दाट वस्तीच्या शहराने त्या दिवसांत काय सोसले, ते महाराष्ट्राने पाहिले.

या सगळ्यात एक गोष्ट आवाज न करता बंद पडली. अंगणवाडीत, समाजमंदिरात, दवाखान्याच्या ओट्यावर भरणारी लसीकरणाची सत्रे थांबली. परिचारिका आणि आशाताई ताप मोजायला आणि सर्वेक्षणाला गेल्या. सत्रे पुन्हा सुरू झाली तेव्हा लोक यायला घाबरत होते. त्यात आमच्या वस्त्यांमध्ये आणखी एक अडचण होती. एनआरसीच्या चर्चेची धग ताजी होती. नाव, वय, घरातली माणसे लिहून घेणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जात होते. साथीचा दोष एका समाजावर टाकणाऱ्या बातम्यांनी मने आणखी मिटली. दार लावून घेणाऱ्यांची भीती मी समजू शकतो. पण त्या बंद दाराची किंमत मुलांनी मोजली, हेही मान्य करायला हवे.

माझ्या बहिणीची नात त्याच वर्षी जन्मली. नऊ महिन्यांची लस राहिली. ‘थोडी साथ ओसरू दे’ म्हणता म्हणता वर्ष गेले, मग दुसरेही. 2022 च्या हिवाळ्यात तिला ताप आला, डोळे लाल झाले, अंगभर पुरळ उठले. ‘गोवर म्हणजे माताच, चार दिवसांत उतरेल’ असे घरातल्या मोठ्यांनी सांगितले. पाचव्या दिवशी तिला श्वास घेता येईना. रुग्णालयात नेले तेव्हा न्यूमोनिया झाला होता. पोर वाचली, अल्हमदुलिल्लाह. पण पुढे कित्येक महिने ती सारखी आजारी पडत राहिली. बहीण अजून म्हणते, “एक सुई चुकवली आणि वर्षभर सुया टोचून घेतल्या.”

गोवंडीपासून मालेगावपर्यंत

तिचा आजार एकट्या घराचा नव्हता. ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत एकाच वस्तीतली तीन बालके काही दिवसांच्या आत दगावली आणि शहर हादरले. केंद्राचे पथक आले. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला.

गोवर हा संसर्गजन्य आजारांतला सर्वांत चिवट. एका रुग्णापासून लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना तो होऊ शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरू लागतो. म्हणून त्याला अडवायचे तर 100 पैकी 95 मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. शिवाय गोवर शरीराची आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो. बहिणीची नात वारंवार का आजारी पडत होती, ते मला तेव्हा कळले.

देशाचे चित्र पाहिले तर 2021 मध्ये भारतात त्रिगुणी लसीचा एकही डोस न मिळालेली बालके सुमारे 27 लाख होती, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा अंदाज आहे. 2022 मध्ये हा आकडा सुमारे 11 लाखांवर आला. एका वर्षात एवढी भरपाई सहज झाली नाही. सघन मिशन इंद्रधनुष्यच्या फेऱ्या झाल्या. उद्रेकाच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्यात आला. आशाताईंनी पुन्हा दारे ठोठावली. यावेळी मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून आवाहने झाली, इमामांनी जुम्म्याच्या बयानात लसीचा विषय काढला आणि काही ठिकाणी ते पथकाबरोबर गल्लीतही फिरले. ओळखीचा माणूस सोबत असला की दार उघडते. सरकारी पत्रकाला हे जमत नाही.

खोकलाही मोजायला हवा

क्षयरोगाचेही तसेच झाले. 2019 मध्ये देशात सुमारे 24 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. 2020 मध्ये ती 18 लाखांवर घसरली. रोग कमी झाला नव्हता, शोधणारे कमी झाले होते. खोकला आला तर लोक कोरोनाच्या भीतीने लपवत होते. 2022 मध्ये नोंद पुन्हा 24 लाखांवर गेली. यंत्रमागाच्या गावांत आणि दाटीवाटीच्या झोपडपट्ट्यांत तो सापडला नाही, तर एका खोलीत झोपणाऱ्या सात-आठ जणांना धोका असतो.

रमजानमध्ये इथे एक काळजी वाढते. रोज्यासाठी काही रुग्ण औषध सोडून देतात. हे करू नका. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुराणानेच दिली आहे. नंतर कजा करता येते आणि बरे होण्याची आशा नसलेल्यांसाठी फिदया आहे, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण. क्षयाचे औषध मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि त्याची भरपाई सोपी नाही. डॉक्टरांना विचारा, मगच ठरवा. लसीच्या इंजेक्शनबद्दलही शंका नको. 2021 च्या रमजानमध्ये हाच प्रश्न आला, तेव्हा अनेक उलेमांनी लसीने रोजा तुटत नाही असे स्पष्ट केले होते.

क्षयरुग्णाला सकस आहारासाठी सरकारकडून दरमहा मिळणारी मदत आता 500 वरून 1000 रुपये झाली आहे. ‘निक्षय मित्र’ होऊन कोणीही रुग्णाला पोषण आहाराचा शिधा देऊ शकतो. या महिन्यात आपण सढळ हाताने सदका देतो. इफ्तारच्या दस्तरखानावर एक पदार्थ कमी केला, तर मोहल्ल्यातल्या एका रुग्णाच्या घरी महिनाभर डाळ, शेंगदाणे, अंडी जाऊ शकतात.

शासनाचीही काही कजा बाकी आहे. 2024 मध्ये राज्यात क्षयाच्या औषधांचा तुटवडा जाणवला, तसा पुन्हा होता कामा नये. महासाथीत जिवावर उदार होऊन राबलेल्या आशांचा 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. त्याच आशांना मानधनासाठी आपल्या राज्यात संप करावे लागले. लोकांच्या दाराशी जाणाऱ्या बाईचे देणे थकवायचे आणि लोकांनी दार उघडावे अशी अपेक्षा धरायची, हे बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी खाला नातवाला घेऊन गेल्या. संध्याकाळी इफ्तारच्या वेळी तो दंडावरचा कापसाचा बोळा सगळ्यांना दाखवत होता. अजानची वेळ झाली. खालांनी खजूर हातात घेतला आणि आशाताईंच्या डब्यात दोन समोसे जास्तीचे टाकले. वहीत अजून अकरा नावे होती. ईदच्या चाँदआधी त्या सगळ्यांची कजा पूर्ण होवो. आमीन.