डोकं दुखतं, हे नाटक नाही



आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई डोक्याला फडकं आवळून बसल्या होत्या. उजेड सोसत नव्हता, दोनदा उलटी झाली होती. घरी मात्र त्यांना ऐकावं लागलं, “कामाचं नाव काढलं की हिचं डोकं दुखतं.” डोक्याचा स्कॅन चांगला आला, तेव्हा तर बोलणाऱ्यांना जोरच चढला. म्हणून आज आपण अर्धशिशीबद्दल बोलू. डॉक्टर तिला मायग्रेन म्हणतात. पुरुषांपेक्षा आपल्या बायकांत ती दोन-तीन पट जास्त आढळते.

स्कॅनमध्ये मेंदूची ठेवण दिसते. गाठ आहे का, रक्तस्राव झाला का, ते कळतं. अर्धशिशीत ठेवण बहुधा ठीकच असते. फरक असतो तो मेंदूच्या कामात. हे काम पाहण्याची एक तपासणी आहे, व्हीईपी.

या तपासणीत आपल्याला पडद्यासमोर बसवतात. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. काळ्याच्या जागी पांढरी, पांढऱ्याच्या जागी काळी, अशा त्या सारख्या बदलतात. डोक्याच्या मागे बारीक वायरी चिकटवतात, कारण डोळ्यांनी पाहिलेलं समजून घेणारा मेंदूचा भाग तिथे असतो. सुई नाही, शॉक नाही. वायरी फक्त मेंदूतली बारीक वीज टिपतात. चौकट बदलली की सुमारे १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, मेंदूत एक लाट उमटते. एकटी लाट फार बारीक, म्हणून अनेक लाटांची सरासरी काढतात.

आता गंमत ऐका. घराशेजारी पिठाची गिरणी सुरू झाली तर पहिले दिवस आवाज नकोसा होतो. मग कान सरावतात. मेंदूचंही तसंच. त्याच त्या चौकटी पाहून तो सरावतो आणि लाट लहान होत जाते. १९९५ साली बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या संशोधकांनी छापलं, की अर्धशिशीच्या रुग्णांत, डोकं दुखत नसतानाही, लाट लहान होण्याऐवजी वाढत गेली. त्यांच्यासाठी गिरणी जणू रोज नव्याने सुरू होते!

पण पुढचंही सांगायला हवं. नंतर काहींना हा फरक दिसला, काहींना दिसला नाही. म्हणून ही तपासणी अर्धशिशी समजून घ्यायला संशोधकांच्या उपयोगी पडते, पण एकट्या बाईला अर्धशिशी आहे की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही. डॉक्टर व्हीईपी सांगतात ती मुख्यतः डोळ्याच्या नसेची शंका असेल तेव्हा. फक्त अर्धशिशीसाठी कुणी सांगितली, तर “कशासाठी?” असं जरूर विचारा.

अर्धशिशी ओळखतात ती आपल्याच सांगण्यावरून. बहुधा एका बाजूला ठणका, हालचालीने वाढणारा. मळमळ किंवा उलटी. उजेड, आवाज नकोसा. औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास टिकणारा त्रास. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात. म्हणून कॅलेंडरवर खुणा करा: कधी दुखलं, किती वेळ, पाळी कधी होती, झोप झाली का, जेवण चुकलं का, गोळी कोणती घेतली. हे कॅलेंडर घेऊनच दवाखान्यात जा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. महिन्यात १०-१५ दिवस किंवा जास्त वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं. आणि रेषा दिसणारी अर्धशिशी असेल, तर माला-एनसारख्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंना किंवा डॉक्टरांना हे सांगून दुसरं साधन मागून घ्या.

अचानक, कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, झटका आला, तापाबरोबर मान आखडली, तर वाट पाहू नका. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने जोरात दुखलं तरी लगेच दवाखाना गाठा.

त्या ताई आता कॅलेंडर लिहितात, उपचारही सुरू आहेत. आणि गटातल्या आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, कुणाचं डोकं दुखलं तर आधी खोलीत अंधार करायचा, टोमणा मारायचा नाही. तुम्हीही एवढं कराल ना?