सुट्या भागांत आलेली ऑस्टिन

लेस मॅक्लॅरन यांनी ती गाडी विकण्यासाठीच घेतली होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या रेमुएरा भागात त्यांचा पेट्रोलपंप होता, त्याला जोडून गॅरेज, आणि बिऱ्हाडही तिथेच. तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतींत उतरलेला हा माणूस. एकोणीसशे पन्नासच्या आसपास त्यांनी ११० पौंड मोजून १९२९ ची एक ऑस्टिन सेव्हन अल्स्टर आणली. आणली म्हणजे चालवत नव्हे. ती आली ती सुट्या भागांत. जोडायची, चालती करायची आणि चार पैसे मिळवून मोकळं व्हायचं, असा साधा हिशोब होता. तो चुकला तो घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुळे. गाडी विकायची नाही, आपण ती बांधू आणि मी ती शर्यतीत चालवीन, असा हट्ट त्याने धरला. बापाने तो मानला.

मुलाचं नाव ब्रूस. आज मॅक्लॅरन म्हटलं की फॉर्म्युला वनमधला संघ आणि कोट्यवधींच्या स्पोर्ट्‌स कार डोळ्यांपुढे येतात. त्या साऱ्याची सुरुवात या ७४७ सीसीच्या छोट्या गाडीपासून आहे. बापलेकांनी मिळून गाडी बांधल्याच्या गोष्टी पुष्कळ असतात. ही मला महत्त्वाची वाटते, कारण त्या कामातून मुलगा नेमकं काय शिकला, ते पुढे जगाला दिसलं.

आधी त्या मुलाविषयी. ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा. नवव्या वर्षी त्याच्या खुब्याला पर्थीस नावाचा आजार जडला. यात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरेसं पोचत नाही आणि ते ठिसूळ होत जातं. त्या काळी उपचार एकच: पायाला वजनं लावून रुग्णाला निजवून ठेवायचं. ऑकलंडजवळच्या ताकापुना इथल्या विल्सन होममध्ये हा मुलगा सुमारे दोन वर्षं चौकटीला बांधलेल्या अवस्थेत पडून होता. बरा झाला, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला तो कायमचा. चालताना तो लंगडायचा. धावण्या-खेळण्याच्या वयात ज्याच्यापासून मैदान हिरावून घेतलं गेलं, त्याच्यापुढे बापाने अंगमेहनतीचं आणि डोक्याचं काम ठेवलं. ते दयेपोटी दिलेलं खेळणं नव्हतं. काम खरं होतं, आणि नीट नाही झालं तर गाडी उतारावर दाखवून देणार होती.

ऑस्टिन सेव्हन ही कुणालाही बांधता यावी अशीच गाडी होती, हेही इथे सांगायला हवं. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी अठरा वर्षांच्या स्टॅन्ली एज या ड्राफ्ट्समनला हाताशी धरून बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घरात, बिलियर्डच्या खोलीत बसून तिचे आराखडे तयार केले. १९२२ मध्ये ती बाजारात आली. १९३९ पर्यंत अशा जवळपास तीन लाख गाड्या निघाल्या. चासी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची, पुढे एकच आडवा पाटा, मागे दोन छोटे पाटे, चार सिलिंडरचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन. घरातल्या घरात खोलता येईल, एका माणसाला उचलून बाजूला ठेवता येतील असे बहुतेक भाग. अल्स्टर हा तिचा शर्यतीचा अवतार. अंगावर ॲल्युमिनियमचा हलका पत्रा, मागे निमुळती शेपटी. १९२९ च्या अल्स्टर टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत आर्ची फ्रेझर-नॅश यांनी सुपरचार्जर लावलेली ऑस्टिन सेव्हन तिसऱ्या क्रमांकावर आणली. तिथे पहिला आला होता सात लिटरच्या मर्सिडीजमधला रुडॉल्फ कॅराचिओला! तेव्हापासून या मॉडेलला अल्स्टर हे नाव चिकटलं.

आता या इंजिनाकडे जरा जवळून पाहू. त्याचा क्रँकशाफ्ट पुढे एक आणि मागे एक अशा दोनच मुख्य बेअरिंगवर टेकलेला असतो. मध्ये आधार नाही. इंजिनाचा वेग वाढला की तो मधोमध वाकतो. साध्या सेव्हनमध्ये तेलही दाबाने बेअरिंगपर्यंत पोचत नसे. नळीच्या तोंडातून उडणारी धार क्रँकने फिरता फिरता झेलायची. अल्स्टरला मात्र दाबाने तेल पोचवणारा क्रँक दिलेला होता, कारण शर्यतीत इंजिन सतत वरच्या वेगात ठेवावं लागतं. आता अशा इंजिनातून जास्त ताकद काढायची तर काय करणार? हेड घासून कॉम्प्रेशन वाढवता येतं. व्हॉल्व्ह मोठे करता येतात, आतल्या वाटा घासून गुळगुळीत करता येतात, फ्लायव्हील हलकं करता येतं. पण यातलं प्रत्येक काम दुसऱ्यावर ताण आणतं. कॉम्प्रेशन वाढवलं की बेअरिंगवर भार येतो. वेग वाढवला की क्रँक जास्त वाकतो. एवढं करून गाडी पळायला लागली की लक्षात येतं, ब्रेक तर केबलवर चालणारे आणि मुळात कमजोर. वळणावर गाडी कलली की मागचा ॲक्सल किंचित तिरका होतो आणि गाडी आपणहून वळायला लागते, ते वेगळंच.

माझ्या मते शिक्षण आहे ते इथे. एखादा भाग विकत आणून बसवणं ही हौस झाली. एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे काय होतं, हे स्वतः इंजिन खोलून, बांधून, चालवून आणि पुन्हा खोलून समजणं ही विद्या आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांनी लेथवर काम करणारे बापलेक पाहिले आहेत, त्यांना ही विद्या कशी हस्तांतरित होते ते सांगावं लागणार नाही. बाप तिथे फार बोलत नाही. जॉब पुढे ठेवतो, आणि माप चुकलं तर परत करायला लावतो.

ब्रूसने गाडी चालवण्याचा सराव केला तो घरामागच्या फळझाडांमधून आखलेल्या इंग्रजी आठ आकड्यासारख्या वाटेवर. १९५२ मध्ये ऑकलंडच्या पश्चिमेला समुद्रकाठी असलेल्या मुरीवाई इथल्या टेकडी चढण्याच्या स्पर्धेत तो पहिल्यांदा उतरला आणि आपल्या ७५० सीसीच्या गटात जिंकला. गाडी चालवताना त्याला तिच्या आत काय चाललं आहे ते ठाऊक होतं, कारण ती त्याच्याच हाताखालून गेली होती.

इंग्लंडमध्येही त्याच सुमाराला हीच गाडी पोरांना घडवत होती. कॉलिन चॅपमन यांनी १९४८ मध्ये आपली पहिली लोटस बांधली ती जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच. गाडी दुरुस्तीच्या पुस्तकांमुळे घराघरांत पोचलेले जॉन हेन्स यांनी शाळेत असतानाच ऑस्टिन सेव्हनपासून गाडी बांधली आणि ती कशी बांधायची याची पुस्तिका छापून विकली.

लेस पुढेही मुलाच्या पाठीशी राहिले. अल्स्टरनंतर घरात ऑस्टिन-हीली १०० आली आणि तीही शर्यतीत ब्रूसच्या हाती गेली. मग कूपर आली. न्यूझीलंडला शर्यतींसाठी येणारे जॅक ब्रॅबम मॅक्लॅरन कुटुंबाचे स्नेही झाले होते; ती ओळखही कामी आली. ब्रूस इंजिनिअरिंग शिकत होता, पण ते अर्ध्यावर राहिलं. १९५८ मध्ये होतकरू चालकाला युरोपात पाठवणाऱ्या योजनेत त्याची निवड झाली आणि तो निघाला. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९५९ रोजी, अमेरिकेत सेब्रिंगला शेवटच्या फेरीत ब्रॅबम यांच्या गाडीतलं पेट्रोल संपलं आणि मागून येणारा ब्रूस ग्रां प्री जिंकला. वय २२ वर्षं. सर्वांत तरुण विजेत्याचा हा मान पुढे ४३ वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडे होता. २००३ मध्ये हंगेरीत फर्नांडो अलोन्सोने तो घेतला.

विजयांची यादी लांबवता येईल. १९६६ मध्ये क्रिस एमनबरोबर ल मान्स, १९६८ मध्ये बेल्जियममध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री. पण १९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, हे मला या साऱ्याहून मोठं वाटतं. गाडी चालवणारा आणि गाडी बांधणारा ही दोन माणसं असतात, असं त्याला कधी वाटलंच नसावं. लहानपणापासून त्याने ती एकच पाहिली होती.

२ जून १९७० रोजी इंग्लंडमधल्या गुडवुडला नव्या एम८डी गाडीची चाचणी घेत असताना मागचा पत्रा सुटला, गाडी ताब्याबाहेर गेली आणि ब्रूस मॅक्लॅरन गेला. वय ३२. लेस आणि ब्रूसची आई रूथ यांच्यावर काय कोसळलं असेल, ते लिहिण्याचं धाडस माझ्यात नाही. संघ मात्र थांबला नाही. त्याच महिन्यात कॅनडातल्या मॉस्पोर्टला डॅन गर्नी यांनी त्याच जातीची गाडी चालवून शर्यत जिंकली. ११० पौंडांची ती अल्स्टर आज इंग्लंडमध्ये वोकिंगला, कंपनीच्या मुख्यालयात, फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या सोबतीने मांडलेली आहे.

बापाच्या गॅरेजमध्ये मिळालेलं शिक्षण ब्रूसच्या हातात किती मुरलं होतं, हे एका चाचणीच्या हकिगतीतून कळतं. साठच्या दशकातली गोष्ट. शर्यतीची नवी गाडी घेऊन तो ट्रॅकवर फेऱ्या मारत होता. पेट्रोल भरायच्या तोंडावरचं झाकण नीट बसलेलं नव्हतं आणि ते उडत होतं. दुसरा कुणी असता तर मेकॅनिकवर खेकसला असता. ब्रूसने पाहिलं, की वेग वाढतो तसं झाकण जास्तच उडतंय. खरं तर वरून येणाऱ्या वाऱ्याने ते दाबून बसायला हवं होतं. म्हणजे पत्र्याच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. तो थांबला, खाली उतरला, पत्रा कापायची कात्री मागितली आणि रेडिएटरच्या मागचा पत्रा स्वतःच्या हाताने कापून टाकला. परत गाडीत बसला तेव्हा फेरीची वेळ पहिल्यापेक्षा कमी आली. मॅक्लॅरनच्या स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या पत्र्यावर नाकपुड्यांसारख्या खाचा आल्या त्या तिथून.