वर्णसंकेत, मुद्रणातील

लिपीतील प्रत्येक वर्णास, चिन्हास व अंकास ठरावीक संख्या देऊन तयार केलेल्या कोष्टकास वर्णसंकेतावली म्हणतात. संगणक अक्षर ओळखत नाही. तो केवळ संख्या साठवितो. ती संख्या कोणत्या वर्णाची हे संकेतावलीने ठरते आणि त्या वर्णाचा कागदावरील आकार टंक म्हणजे फाँट पुरवितो. वर्ण व आकार यांतील हा भेद अंकीय मुद्रणाच्या मुळाशी आहे. देवनागरीच्या बाबतीत तो दीर्घकाळ पाळला न गेल्याने पुष्कळसा मराठी मजकूर कागदावर वाचनीय राहिला, परंतु संगणकास मात्र दुर्बोध झाला.

पूर्वेतिहास : खिळ्यांच्या जुळणीत जुळारी हवा तो आकार खिळेघरातून हाताने उचलीत असे. जोडाक्षरे, मात्रा व वेलांट्या यांमुळे देवनागरीसाठी शेकडो निरनिराळे खिळे बाळगावे लागत. मोनोटाइप यंत्रात कागदी फितीवरील छिद्रांनी अक्षराच्या मातृकेचे चौकटीतील स्थान दर्शविले जाई. हाही एक संकेतच होता. परंतु तो स्थानाचा, वर्णाचा नव्हे. अमेरिकेत १९६३ साली प्रमाणित झालेल्या आस्की या सात बिटांच्या संकेतावलीत १२८ स्थाने होती. रोमन लिपी, अंक, विरामचिन्हे व यंत्राज्ञा यांनीच ती व्यापली होती.

इस्की : आठ बिट वापरल्यास २५६ स्थाने मिळतात. त्यांपैकी पहिली १२८ आस्कीसाठी ठेवून उरलेल्या भागात भारतीय वर्णांची योजना करणारी इस्की ही संकेतावली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णमाला बव्हंशी समान असल्याने त्या सर्वांस एकच संकेत देण्यात आले. उदा., ‘क’ या वर्णाचा संकेत १७९ असून लिपी बदलली, तरी तो बदलत नाही. जोडाक्षरांना स्वतंत्र स्थान नाही. ती हलन्त चिन्हाच्या (२३२) साहाय्याने घडविली जातात. आयआयटी, कानपूर येथे सुरू झालेले या विषयावरील काम पुढे पुण्याच्या सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेने वाढविले.

या योजनेचे महत्त्व नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व तेथे उर्दू ही राजभाषा होती. नांदेड येथील हुजूर साहिब या शीख तीर्थक्षेत्रामुळे गुरुमुखीचा, देगलूर-बिलोली-धर्माबाद या सीमाभागात तेलुगूचा, तर बीदरला लागून असलेल्या उदगीर-निलंगा भागात कन्नडचा मराठीशी नित्य संबंध येतो. यांपैकी देवनागरी, गुरुमुखी, तेलुगू व कन्नड या लिपी इस्कीच्या एकाच कोष्टकात बसतात. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी उर्दू मात्र त्यात बसत नाही. तिच्यासाठी निराळी संकेतावली योजावी लागली.

टंकाधिष्ठित संकेत : छपाईच्या व्यवहारात इस्कीपेक्षा निराळीच पद्धत रूढ झाली. टंकातील रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविण्यात आले आणि प्रत्येक निर्मात्याने आपापला क्रम ठरविला. सी-डॅकची आयएसएम, तसेच श्रीलिपी व आकृती या प्रणालींचे टंक परस्परांशी जुळत नसत. ‘किल्लारी’ हा शब्द वर्णक्रमाने साठविल्यास क, ि, ल, ्, ल, ा, र, ी असे आठ संकेत होतात. टंकाधिष्ठित पद्धतीत आकार डावीकडून उजवीकडे जसे दिसतात तसे साठविले जात. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी येते व अर्ध्या ‘ल’ला स्वतंत्र संख्या मिळते. मूळ टंक नसल्यास पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपासंबंधीचा मजकूर अशा टंकात जुळविलेला असेल, तर त्यात गावाचे नाव असूनही आजच्या शोधयंत्रास ते सापडत नाही.

युनिकोड : जगातील सर्व लिपींना स्वतंत्र स्थाने देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. देवनागरी ‘क’चा संकेत २३२५, गुरुमुखीचा २५८१, तेलुगूचा ३०९३ व कन्नडचा ३२२१ आहे. उर्दू अरबी लिपीच्या विभागात येते. मराठीच्या काही गरजा मात्र विशेष आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. येथे ‘र’च्या आकारभेदाने अर्थ बदलतो, म्हणून ‘ऱ’ला वेगळा संकेत (२३५३) आवश्यक ठरतो. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये २००८ साली स्थान मिळाले.

परिवर्तन : जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी प्रत्येक टंकाचे स्वतंत्र कोष्टक लागते. वेलांटी व रफार यांची स्थाने बदलावी लागत असल्याने परिवर्तनानंतर मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहणे इष्ट असते. मूळ टंकाचे नाव ज्ञात नसल्यास हे काम फार कठीण होते. म्हणून जुन्या धारिका जतन करताना टंकाच्या नावाची नोंद, आणि शक्य तर टंकही, सोबत ठेवणे आवश्यक असते.