विमानातून हवेची मोजणी (लेखांक ६) : नळीचे तोंड

सोलापूरच्या विमानांबद्दल या आठवड्यात लिहायचे कबूल केले होते. ते पुढे ढकलतो, कारण सेलूच्या एका वाचकाने पाठवलेला प्रश्न बाजूला सारवेना. ते लिहितात, केळझरच्या गणपतीच्या टेकडीवर उभे राहिले की वरून जाणाऱ्या विमानांमागे पांढरे पट्टे दिसतात. विमान स्वतःच एवढा धूर सोडते, तर त्याच विमानाने गोळा केलेल्या हवेवर भरवसा कसा ठेवायचा?

धुराची शंका लवकर मिटते. तो पांढरा पट्टा मुख्यतः गोठलेल्या वाफेचा, म्हणजे बर्फाच्या कणांचा असतो. शिवाय हवा घेणाऱ्या नळीचे तोंड इंजिनांच्या पुढे बसवतात आणि विमान सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने पुढे सरकते. केळझर ते वर्धा हे अंतर ते दोन मिनिटांत कापते. धूर कायम मागेच राहतो.

खरी धास्ती धुराची नसून विमानाच्या अंगाची आहे. विमानाच्या पत्र्याला चिकटून हवेचा एक मंद थर वाहतो. दारांच्या फटींतून झिरपणारी आतली हवा त्यातच मिसळते. बेसिनात हात धुतलेले पाणीसुद्धा पोटाखालच्या एका नळीतून बाहेर सोडलेले असते. म्हणून हवा घेणारे तोंड या सगळ्याच्या पुढे हवे, आणि त्या मंद थराच्या बाहेर जाईल इतके लांब हवे. लुफ्थान्साच्या ‘लेव्हरकुझेन’ नावाच्या एअरबसच्या पोटाखाली त्यासाठी खास फुगवटा बसवला होता. २००८ साली फ्रँकफर्ट-चेन्नई फेऱ्यांत पावसाळ्यातला मिथेन ज्या विमानाने टिपला, तेच हे विमान. धानाच्या बांध्या, दलदली आणि गुरे यांचा वायू मोसमी ढगांबरोबर दहा-बारा किलोमीटर उंच चढतो, हे गेल्या लेखात पाहिले.

तोंडातून हवा आत आली तरी काम संपत नाही. एवढ्या वेगाची हवा अडवली की दाबाने ती तीसेक अंशांनी तापते. ओझोन उघड्या धातूला लागला की मोडतो, म्हणून नळीला आतून टेफ्लॉनचे अस्तर. पाण्याची वाफ भिंतीला धरून बसते, म्हणून तिची नळी गरम ठेवायची. प्रत्येक वायूची खोड वेगळी, आणि ती सांभाळायची तर एका नळीवर भागत नाही.

पण मला सर्वांत जास्त भिडते ती गळती. अकरा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या चौथाईपेक्षाही कमी असतो. विमानाच्या आत मात्र माणसांना श्वास घेता यावा म्हणून तो तिप्पट-साडेतिप्पट ठेवलेला. बाहेरची विरळ हवा आणणारी नळी या दाबलेल्या हवेतून जाते. विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाइप कुठे चिरला की पाणी गळत नाही, उलट पाइपच हवा ओढतो आणि मोटर पाणी सोडते. इथेही तसेच. एखादा जोड किंचित सैल असला की विमानातली हवा नळीत शिरते, आणि ती हवा म्हणजे प्रवाशांचे उच्छ्वास.

हिशेब मांडून पाहा. २००८ मध्ये बाहेर कार्बन डायऑक्साइड दशलक्षात साधारण ३८५ भाग होता. भरलेल्या विमानात तो १५०० धरू. नळीत शंभरातला फक्त एक हिस्सा आतली हवा मिसळली तरी आकडा ११ भागांनी वर जातो. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत वर्षभराचा सगळा चढउतार सहा-सात भागांचा असतो! शेते हिरवी झाली, जंगलांची पाने गळली, या सगळ्याची नोंद त्या सहा-सात भागांत मावते, आणि एक सैल नट ती सगळी पुसून टाकतो.

अशी गळती लगेच सापडेल की नाही, हे विमानावर ठरते. २०१६ मध्ये ब्रिटनचे ‘फाम’ संस्थेचे बीएई-१४६ हे संशोधन विमान लखनौ आणि बंगळूरहून उडाले. त्याच्या खिडक्यांच्या जागी बसवलेल्या पत्र्यांतून नळ्या बाहेर काढतात. तिथे शास्त्रज्ञ स्वतः यंत्रांपाशी बसलेले असतात, आकडा चमत्कारिक वाटला तर लगेच जोड तपासता येतो. ‘लेव्हरकुझेन’सारख्या प्रवासी विमानाच्या मालकक्षात मात्र कुणीच नसते. तिथला यंत्रांचा दीड टनाचा कंटेनर सगळे आपसूक करायचा, आणि काचेच्या २८ बाटल्या हवेने भरून आल्यावर पुढची तपासणी जमिनीवरच्या प्रयोगशाळेत व्हायची.

त्या बाटल्या काचेच्याच का, हेही याच वाचकाने विचारले आहे. तो विषय मोठा आहे. आधी सोलापूर, मग बाटल्या.