गाडीचीही आगोट करा!

गाडी घेताना आपण काय काय बघतो? मायलेज, बूट स्पेस, म्युझिक सिस्टीम आणि अर्थातच हप्ता. ती उभी कुठे करायची, हा प्रश्न पेढे वाटून झाल्यावर पडतो. पालघर-बोईसरच्या सोसायट्यांमध्ये छपराखालची जागा आधी आलेल्यांची. आमच्या मासवणला, सूर्या नदीकाठी, अंगण ऐसपैस. पण डोक्यावर आभाळ! माझी गाडी रात्री अंगणात आणि दिवसा पालघर स्टेशनबाहेर. म्हणजे बारा महिने उघड्यावर. कर्ज फिटायला पाच-सात वर्षं. तोवर पत्रा टिकणार का, हा खरा सवाल.

उन्हाळा सरत आला की आपल्याकडे आगोटीची गडबड सुरू होते. मसाले, सुकी मासळी, लाकूडफाटा, पडवीला झडी. घराची एवढी काळजी घेणारे आपण, अंगणातल्या लाखो रुपयांच्या वस्तूला मात्र एक कव्हर घालून मोकळे होतो.

गंज येतो कुठून?

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. त्यात मीठ आलं की त्याचा वेग वाढतो. मासवण समुद्रापासून आत आहे खरं, पण रविवारी केळव्याला किंवा सातपाटीला चक्कर होतेच ना? खारी हवा आणि ओली वाळू गाडीखाली बसून घरी येते. तिकडे बोईसरला तारापूर एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात तारापूरची गणना देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत झाली होती. इंधन जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड पाण्यात मिसळला की आम्ल बनतं, ते रंगाला झोंबतं. लोखंडाचे बारीक कण रंगावर बसले की तांबूस ठिपके पडतात. पांढऱ्या गाडीवाल्यांना विचारा!

कव्हर केव्हा, केव्हा नाही?

उन्हाळ्यात, धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर हवा खेळेल असं कापडी कव्हर उत्तम. रंग आणि डॅशबोर्ड दोन्ही वाचतात. पावसाळ्यात मात्र तेच कव्हर अंगाशी येतं. ओल आत कोंडते, वाऱ्याने कापड फडफडतं आणि खालची धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते. भर पावसात गाडी उघडी असलेली बरी. पाणी वाहून जातं, वारा लागतो, ती सुकते. जमलं तर चारी बाजू मोकळ्या ठेवून वर नुसतं पत्र्याचं छप्पर टाका. ताडपत्री गुंडाळणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

मे महिन्यातला एक रविवार

• रॅम्पवर चढवून गाडी खालून धुऊन घ्या. कोटिंग करणार असाल तर आधीचा गंज खरवडून, गाडी पूर्ण कोरडी करून मगच. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत धरून ठेवतं.

• दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात. काडीने मोकळी करा. कोटिंग करताना ती बुजवली नाहीत ना, हेही बघा.

• वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. तिथे पाणी तुंबलं की ते आत पायाशी उतरतं.

• खडा लागून रंग उडाला असेल तिथे टचअप करा, मग वॅक्सचा एक हात.

• गाडी गवतावर उभी करू नका. खडी किंवा कोबा बरा.

पावसात चार-सहा दिवस गाडी हलणार नसेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. ओढून ठेवलेला हँडब्रेक ओलीत चिकटून बसू शकतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवलीत तर बॅटरीही खूश, ब्रेकही खूश.

पाऊस गेला, उंदीर आले

भातकापणीनंतर शेतातले उंदीर ऊब शोधत बॉनेटमध्ये शिरतात. वायर कुरतडली की खर्च तर आहेच, शॉर्टसर्किटची भीती वेगळी. दर दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडून बघा. गाडीत वेफर्सचा चुराही ठेवू नका. पुढे आंब्याला मोहोर आला की सावलीचा मोह टाळा. तुडतुड्यांचा चिकटा काचेवर आणि टपावर बसतो, त्यावर धूळ आणि काळी बुरशी. पक्ष्यांची विष्ठा दिसली की ओल्या फडक्याने लगेच काढा. उन्हात वाळली तर डाग कायमचा.

कागदही तपासा

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात तुमच्या गाडीचं झालेलं नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही, पाणी शिरलेलं इंजिन सुरू करून बिघडवलं तर इंजिन प्रोटेक्शन नसताना दावा अडकू शकतो. गाडी पाण्यात अडकली तर चावी फिरवू नका, टो करून घ्या.

हे सगळं फक्त रीसेल व्हॅल्यूसाठी नाही, मंडळी. चमकत्या रंगाखाली ब्रेकचे पाइप आणि सस्पेन्शनचे जोड गंजत असतात, आणि मनोर रोडवर ट्रकच्या मागे ब्रेक दाबताना भरवसा त्यांच्यावरच असतो. तेव्हा यंदा मसाला डंकावर टाकलात की तो कुटून होईपर्यंत गाडी रॅम्पवर चढवा. दोन्ही आगोटी एकाच दिवसात उरकतील!